१२ जानेवारी आणि आपले चौघे

गेल्या आठवड्यात सोलापूरहून पुण्याला निघालो होतो. समोरच्या सीटवर एक कॉलेजचा मुलगा. फोनवर आईला सांगत होता, "हुतात्मा मिळाली, बसलो." फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "हुतात्मा म्हणजे कोण रे?" तो म्हणाला, "गाडीचं नाव हाय की ओ काका."

त्याला मी दोष देणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

उद्या १२ जानेवारी. सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर 'आजचा दिनविशेष' येऊन पडेल. जिजाऊ माँसाहेबांचा जन्म, १५९८. स्वामी विवेकानंदांचा जन्म, १८६३. दोन्हींपुढे मी मनापासून हात जोडतो. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर आलेल्या यादीत २०१० चा हैतीचा भूकंपसुद्धा होता. नव्हते ते आपले चौघे. आणि ग्रुप सोलापूरकरांचा!

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं. आपण पुण्याला नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, पोरांच्या ॲडमिशनसाठी ज्या गाडीनं जातो, तिला त्यांच्यावरूनच हुतात्मा नाव मिळालं आणि ती पोचते त्याच पुण्यात, जिथून हे चौघे परत आले नाहीत. हे जेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, तेव्हा दौंड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

पण नुसती फाशीची तारीख सांगून भागत नाही. ती गोष्ट मे महिन्यापासून सांगावी लागते. ५ मे १९३० च्या मध्यरात्री गांधीजींना अटक झाली आणि आपलं गिरण्यांचं सोलापूर पेटलं. ८ मे ला रूपाभवानी परिसरात लोकांनी शिंदीची झाडं तोडली, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला. शंकर शिवदारे तिथं गोळी लागून मरण पावले. जमाव खवळला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, त्यात पोलीसही मारले गेले. ९ ते ११ मे या तीन दिवसांत शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, हे सोलापूर आजही अभिमानानं सांगतं. मग १२ मे पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल. आणि पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला गेला.

चौघांची नावं एकदा सावकाश म्हणून बघा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कन्नड, उर्दू, मराठी, मारवाडी, सगळं सोलापूर त्या चार नावांत आहे. कुर्बान हुसेन तर 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, विशीतलं पोर. आज पेठापेठांत जातीवरून माणसं तोलली जातात तेव्हा मला ही नावं फार आठवतात आणि खरं सांगतो, रडू येतं.

याच तारखेला आणखी एक फाशी आहे. १९३४ मध्ये चितगावचे क्रांतिकारक सूर्य सेन यांची, मास्टरदांची. त्यांचा शस्त्रागारावरचा हल्ला १८ एप्रिल १९३० चा, म्हणजे आपल्या ८ मे च्या अवघे वीस दिवस आधीचा. कुठे बंगाल, कुठे सोलापूर!

सध्या गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा भरलीय. होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही, मिरवणुकीचे नंदीध्वजही निघतील. जरूर जा, पोरांना पाळण्यात बसवा. फक्त जाता-येता चार हुतात्मा चौकात थांबा आणि पुतळ्यांकडे बोट दाखवून पोरांना चार नावं म्हणायला लावा.

मी त्या मुलाला कुर्डुवाडीपर्यंत एवढं सगळं सांगितलं. त्यानं मोबाईलमध्ये नावं लिहून घेतली, 'सारडा' चं स्पेलिंग दोनदा विचारलं.

उद्याचा दिनविशेष पुढे पाठवणार असाल तर त्यात ही ओळ घाला, इथूनच कॉपी करा:

१२ जानेवारी १९३१ – सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवडा तुरुंगात फाशी.