उंदरांची साखर उतरली, पुढे काय?
बियांच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या रक्तातली साखर उतरली, असं सांगणारा एक लेख वाचला. एवढ्यावरून त्यात थेट ‘टाईप २ मधुमेहावर उपाय’ म्हणणं घाईचं वाटतं. अशा प्रयोगांत पुष्कळदा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारतात. म्हणजे आजार टाईप १च्या, इन्सुलिनच बनत नाही अशा मधुमेहाच्या, जवळचा झाला की! टाईप २मध्ये मूळ दुखणं पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत हे. वनस्पतींना मी नावं ठेवत नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची पाळंमुळंही गॅलेगा या वनस्पतीतच. पण ते माणसांच्या मधुमेहावर वापरात यायला १९५७ उजाडलं. मेथीदाण्यातला चिकट तंतू साखरेचं शोषण मंदावतो, हे पटतं. मात्र सल्फोनिलयुरियाच्या (शरीरातलं इन्सुलिन वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असताना वरून अर्क घेतला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. लेखात त्याबद्दल अवाक्षरही नाही.