रातवा अंडी ‘टाकून’ देत नाही

फोनवर आलेला एक फोटो: माळावर उघड्यावर दोन अंडी, शेजारी पाचोळ्यात मिसळून गेलेला पक्षी, आणि खाली मजकूर: ‘हा रातवा, घुबडाचा भाऊ. दिवसा आंधळा, रात्री शेळ्यांचं दूध पितो. आळशी इतका, की घरटंही बांधत नाही, अंडी टाकून जातो. दिसली तर उचलून सुरक्षित जागी ठेवा, पुण्य लाभेल.’ पुण्याचा मोह वाईट, म्हणूनच हे लिहावं लागतंय.

घुबडाचा भाऊ? नाही. नातं सांगायचंच तर पाकोळी पक्ष्यांशी सांगा. दुधाची गोष्ट प्राचीन ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल आणि रोमन लेखक प्लिनी यांच्या लिखाणातही आहे. जुनी आहे म्हणून खरी नव्हे. रातव्याची चोच इवलीशी, पण जबडा डोळ्यांखालपर्यंत उघडतो आणि कडेला राठ केस असतात. ही सगळी सोय उडते पतंग आणि भुंगे टिपायची. गुरांभोवती किडे असतात म्हणून तो तिथे घिरट्या घालतो, बस्स.

दिवसा तो आंधळा नसतो. काळाभोर डोळा लगेच उठून दिसेल, म्हणून पापण्यांच्या फटीतून बघत असतो. अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही.

आता ‘आळशी’पणा. काड्या गोळा करून उघड्या माळावर घरटं बांधणं म्हणजे मुंगसाला पत्ता देणं. रातव्याचं घरटं म्हणजे त्याची स्वतःची पाठ: करडी, तपकिरी, काळ्या रेघांची. त्याखाली फिकट, ठिपकेदार दोन अंडी झाकलेली असतात. झांबियातल्या रातव्यांवरचा २०१७ सालचा अभ्यास तर सांगतो की, एकाच जातीतला प्रत्येक पक्षी आपापल्या पिसांच्या नक्षीला जुळणारी जागा निवडतो. त्याआधी, २०१६ मध्ये, तिथेच दिसलं होतं की टिटव्या आणि धाविक या जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची अंडी वाचणं, अंड्यांवरचा गडद-फिकटपणा भोवतालच्या जमिनीशी किती जुळतो यावर अवलंबून असतं, कारण हे पक्षी धोका दिसताच लांबूनच उठून जातात. रातवा मात्र बसून राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत पिसांची नक्षी महत्त्वाची ठरते. जागा इतकी पारखून घेणाऱ्याला आळशी म्हणायचं?

आणि अंडी ‘टाकलेली’ नसतात. तुम्ही फार जवळ गेलात म्हणून पक्षी उठलेला असतो. कधी तो पंख मोडल्यासारखा फडफडत जमिनीवरून सरपटतो; लोक ‘जखमी आहे’ म्हणून मागे धावतात, आणि तुम्हाला अंड्यांपासून लांब न्यायला त्याला नेमकं तेच हवं असतं. अंडी घरी नेलीत तर ती उबवणार कोण? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यपक्ष्यांची अंडी फोडणं किंवा अंडी-घरटी जागची हलवणं ‘शिकारी’च्या व्याख्येतच बसतं.

अंडी दिसली तर आल्या पावली, पायाखाली बघत मागे फिरा. फोटोही नको, माणूस जवळ उभा असेपर्यंत पक्षी परतत नाही, आणि मेमधल्या उन्हात उघडी अंडी फार वेळ टिकत नाहीत.