कुलवृत्तांत आणि फुगलेले कपॅसिटर

हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या माणसाला संगणक उघडून दुरुस्त करता आलाच पाहिजे, असा आमच्या घराण्यात एक दृढ समज आहे, आणि कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो असल्यामुळे तो मला धड खोडूनही काढता येत नाही. साहजिकच सदाशिव पेठेतल्या काकांचा २००३ सालचा संगणक हट्टाला पेटला, तेव्हा बोलावणे मलाच आले.

या संगणकावर काका आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करतात आणि त्याखेरीज दुसरे काहीही करत नाहीत. आता नवा संगणक घ्या, असे त्यांना सुचवणे सोपे आहे. परंतु तो सगळा मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांना अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत मिळण्याआधीच्या, काळातल्या फाँटमध्ये बसवलेला असून नव्या यंत्रावर फाइल उघडली, की आमचे मूळपुरुष आणि त्यांचे तीन पुत्र रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांच्या न संपणाऱ्या रांगेत विलीन होतात. शिवाय ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सारे टंकलेले आहे, ते पॅरलल पोर्टमध्ये, म्हणजे पूर्वी प्रिंटर जोडायच्या खाचेत, डाँगल नावाची परवान्याची किल्ली खोचल्याशिवाय उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नावाची वस्तूच नसते. थोडक्यात, आमच्या आठ पिढ्या त्या एका मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, भरवशावर होत्या.

दुखणे असे होते, की बटण दाबल्यावर पंखा फिरायचा आणि पडदा मात्र काळाच राहायचा. डिसेंबरातल्या सकाळी तर यंत्र मुळीच दाद देत नसे. दुपारी हवा जरा तापली, की मग ते सुरू होई आणि एखाद्या आजोबांचे दुसरे लग्न लिहून होते न होते तोच आपले आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. काकांनी यावर तोड म्हणून टेबललॅम्प जवळ आणून यंत्र शेकवायला सुरुवात केली होती. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात तथ्य होते, कारण बोर्डावरचा वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या कपॅसिटरातला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीजवाहक द्रव, गार पडला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि आधीच थकलेला कपॅसिटर अगदीच निकामी होतो.

झाकण काढून धूळ झटकली आणि निदान डोळ्यांनाच दिसले. प्रोसेसरच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या कपॅसिटरांच्या छोट्या गोल डब्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. आत दाब वाढलाच, तर डबा फुटून उडण्याऐवजी तिथून उसवावा, हा तिचा हेतू. निरोगी डब्याचा माथा सपाट असतो. इथे पाच डब्यांचे माथे घुमटासारखे वर आले होते आणि त्यांतल्या एकाची खाच उसवून तपकिरी खपली धरली होती. काकांनी मुद्रिते तपासण्याचे आपले भिंग आणून त्या खपलीचे बराच वेळ निरीक्षण केले आणि निर्णय दिला, “याला गॅस झालाय.”

वैद्यकीय भाषेत सांगितलेले हे निदान रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक होते. २००० सालानंतरच्या काही वर्षांत, विशेषतः तैवानमध्ये तयार झालेल्या असंख्य कपॅसिटरांत पाण्याचा अंश असलेला जो इलेक्ट्रोलाइट भरला गेला, त्यात अॅल्युमिनियमचे पाण्यापासून रक्षण करणारी द्रव्ये नीट घातलेली नव्हती. त्यामुळे पाणी आणि अॅल्युमिनियम यांची आतल्या आत गाठ पडून हायड्रोजन वायू तयार होत राहिला, आणि जगभरचे मदरबोर्ड ऐन उमेदीत आजारी पडले. चोरून नेलेले सूत्र अर्धवट होते म्हणून हे घडले, अशी एक कथा सांगितली जाते. ती काकांना फार आवडली. “चोराने निदान पूर्ण तरी उतरवून घ्यायचं होतं,” असे ते म्हणाले. अपुऱ्या नकलेचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे.

सुटे भाग घ्यायला मेट्रोने मंडईला उतरून तपकीर गल्ली गाठली. मागणी ६.३ व्होल्ट, ३३०० मायक्रोफॅरड, १०५ अंशांपर्यंत तग धरणारे आणि लो ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे, अशी होती. व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत, आणि जाडी मात्र १० मिलिमीटरच लागते, कारण बोर्डावर शेजारी खेटून उभे असतात. दुकानदाराने आधी ८५ अंशांचे साधे कपॅसिटर पुढे सरकवले, मी ते परत सरकवले. “बोर्ड कुठल्या सालचा?” त्यांनी विचारले. मी साल सांगितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच वॉरंटीबाहेर गेलो आहे असे मला वाटले. पण मग आतल्या खणातून नेमका माल काढून दिला. पाचाऐवजी आठ घेतले, कारण उरलेला माल परत घेतला जात नाही हे भिंतीवर लिहिलेले असले, तरी कमी पडलेला माल आणायला यावे लागते हे कुठेच लिहिलेले नसते.

खरी परीक्षा पुढे होती. कपॅसिटरचे दोन पाय असतात. त्यांतला एक बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या सलग थराला जोडलेला असतो आणि तो थर सगळी उष्णता पिऊन टाकतो. माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग गनने पहिला पाय लोण्यासारखा सुटला आणि दुसऱ्या पायाने कानावरची माशीसुद्धा उडवली नाही. मित्राची ६० वॅटची गन आणली, जुन्या सांध्यावर ताजी सोल्डर वायर वितळवली, आणि एक पाय तापवत, डबा किंचित कलवत, मग दुसरा पाय तापवत असे करता करता एकेक डबा बाहेर काढला. डबा निघाला तरी भोक सोल्डरने बुजलेलेच राहते. वितळलेली सोल्डर ओढून घेणाऱ्या सकरने तिथे हात टेकल्यावर काकूंनी शिवणाच्या डब्यातली सुई दिली, परतीच्या बोलीवर.

काका या काळात माझ्या डाव्या खांद्यावर होते. “डाख बसला का नीट?” हा प्रश्न ते हात थरथरण्याच्या नेमक्या क्षणी विचारत. पण ऋण बाजूची जबाबदारी त्यांनी घेतली, हे कबूल करायला हवे. डब्यावरचा पट्टा ऋण पाय दाखवतो. बोर्डावरच्या वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग मात्र काही उत्पादक ऋण धरतात आणि काही धन, आणि उलटा बसलेला कपॅसिटर चुकीला क्षमा करत नाही. काकांनी जुने डबे निघण्यापूर्वीच दिनदर्शिकेच्या पाठीवर लाल शाईने नकाशा काढून ठेवला होता, आणि प्रत्येक नवा डबा बसला की ते त्यावर बरोबरची खूण करत.

बटण दाबण्याचा मान त्यांचाच होता. पंखा फिरला, एक शीळ वाजली, पडदा उजळला. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्यामुळे यंत्राने कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवली. काकांनी ती मनगटावरच्या घड्याळात पाहून दुरुस्त केली. डाँगल ओळखला गेला आणि मूळपुरुष शुद्ध देवनागरीत प्रकट झाले.

“काका, आता लगेच हे सगळं युनिकोडमध्ये करून घेऊ,” मी म्हणालो.

“तुमच्या त्या रूपांतरात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, मी पाहिलंय. आणि यंत्र चालतंय ना आता? मग घाई कसली?”

उरलेले तीन कपॅसिटर त्यांनी एका पाकिटात घातले, वर तारीख, व्होल्ट आणि मायक्रोफॅरड सुवाच्य अक्षरात लिहिले आणि पाकीट टेबलाच्या खणात ठेवले. “हे पुढच्या वेळेला,” ते म्हणाले, आणि पाचव्या पिढीकडे वळले.