सत्तर म्हणजे नेमके किती?

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागातल्या एका ट्रेनी मुलामुळे मला फार राग आला, आणि त्या मुलाला त्याची कल्पनाही नसेल. स्टायपेंडमधून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून तो अधूनमधून एखादा गेम विकत घेतो, म्हणून मी त्याला ‘राजी’ खेळून बघ असे सुचवले. हातातला डबा बंद करायच्या आत त्याने फोन काढला, मेटाक्रिटिक हे समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणारे संकेतस्थळ उघडले आणि म्हणाला, “मॅडम, सत्तरच्या आसपासच आहेत की याला. कशाला घ्यायचं?” गेम कशाबद्दल आहे, कुणी केला आहे, मला का आवडला, यातला एकही प्रश्न त्याने विचारला नाही. संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबागेतून घरी येईपर्यंत तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होते.

‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केला आणि तो २०२० साली आला. राक्षस लहान मुलांना पळवून नेतात, त्यात राजीचा धाकटा भाऊ गोलूही असतो, आणि दुर्गेचा त्रिशूळ हाती घेऊन राजी त्याच्या शोधात निघते. ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत आपल्याला सांगतात, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे समोर येतात. माझ्या धाकट्या भावाने तो घरच्या कॉम्प्युटरवर घालून दिला होता आणि “अक्का, आपल्या पुण्यातल्या पोरांनी केलाय, खेळून बघ,” एवढे सांगून तो नोकरीवर परत गेला होता.

मी तो खेळले ते २०२१ च्या मार्चमध्ये. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला कोरोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत असे. शिमग्याला घरी यायला निघालेला माझा भाऊ निपाणीच्या पलीकडून परत फिरला, कारण त्याचा अहवाल मुदतीच्या बाहेर गेला होता. नियम होता, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण त्या रात्री पुरणपोळ्या तशाच झाकून ठेवून मी कॉम्प्युटरसमोर बसले, फोन स्पीकरवर टाकला, आणि तिकडे तो व इकडे मी, असे दोघांनी मिळून गोलूला शोधायला सुरुवात केली.

आता माझ्या कामाबद्दल दोन वाक्ये लिहिते, कारण माझ्या रागाचे मूळ तिथे आहे. गेली चौदा वर्षे मी क्वालिटी विभागात कास्टिंगचे जॉब, म्हणजे ओतीव धातूचे सुटे भाग, मोजते. बोअरचा, म्हणजे भागातल्या भोकाचा, व्यास मोजायचा तर ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ते, दिलेला असतो, मायक्रोमीटर ठरलेल्या मुदतीत तपासून अचूक केलेला असतो, आणि मी मोजले काय किंवा दुसऱ्या पाळीतल्या माणसाने मोजले काय, आकडा तोच यावा लागतो. तो तसा आला नाही, तर आम्ही जॉबवर शंका घ्यायच्या आधी मोजणाऱ्यावर आणि उपकरणावर शंका घेतो. आकड्याचा मान कसा राखायचा हे आम्हाला शिकवावे लागत नाही, आणि म्हणूनच ज्याच्या मागे कुठलेही उपकरण नाही असा आकडा आकडा म्हणून फिरवला जातो तेव्हा मला ते सहन होत नाही.

मेटाक्रिटिक काय करते ते नीट पाहा. निरनिराळ्या समीक्षकांनी निरनिराळ्या पट्ट्यांनी दिलेले मत ते शंभराच्या पट्टीवर आणते आणि त्याची सरासरी काढते. या सरासरीत काहींच्या मताला जास्त वजन असते, पण कुणाच्या मताला किती, हे ते सांगत नाही. एखाद्याने पाच ताऱ्यांपैकी साडेतीन तारे दिले, म्हणजे त्याच्या मनात बहुधा ‘चांगला आहे, खेळा’ असेच असणार. त्याचे होतात सत्तर. मग रंगाचा प्रश्न येतो. त्याच संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ गुण मिळाले की चौकोन हिरवा होतो, गेमला मात्र हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे सत्तरचा चित्रपट हिरवा आणि सत्तरचा गेम पिवळा! एकाच मापाला दोन टॉलरन्स लावून मी रिपोर्ट दिला असता, तर दुसऱ्या दिवशी मला कुणी कामावर ठेवले नसते.

आणि या आकड्यावर माणसांचे पैसे अवलंबून असतात. २०१० साली आलेल्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ची गोष्ट गेम खेळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. तो करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आमच्याकडे नो-गो गेज, म्हणजे भोकात जाताच कामा नये असे माप, आत गेला तर जॉब रिजेक्ट होतो, कारण तो जॉब पुढे कुठल्यातरी यंत्रात बसणार नसतो. इथे एका गुणाने नेमके काय बसणार नव्हते, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

त्याच्या उलटही घडते. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ बाजारात आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त संगणकावरची प्रत मिळाली होती आणि तिच्यावर भरघोस गुण पडले. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, तोच गेम इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. एका मशीनवरचा जॉब मोजायचा आणि दुसऱ्या मशीनवरचा सगळा लॉट पास करायचा, तसलाच हा प्रकार. कन्सोलवरची प्रत मिळालीच नाही, तर कन्सोलबद्दल बोलता येणार नाही, असे मोठ्या अक्षरांत वर लिहायला काय हरकत होती?

एक मात्र मान्य करते. चार-पाच हजारांचा गेम घेताना पगारावर जगणाऱ्या माणसाला कुणाचा तरी आधार लागतो, आणि त्या मुलाचा स्टायपेंड किती असतो हे मला माहीत आहे. खेळणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या गुणांवर विसंबावे, तर तिथेही झुंडी येऊन शून्य टाकून जातात. २०२० सालीच ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमच्या वेळी अशीच धुळवड झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, गेम आल्यावर छत्तीस तास वाचकांना गुणच देता येणार नाहीत, असा नियम मेटाक्रिटिकने केला.

त्यापेक्षा जपानच्या ‘फामित्सू’ या गेमच्या साप्ताहिकाची जुनी पद्धत मला प्रामाणिक वाटते. तिथे चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे शेजारी शेजारी छापतात. एकाचे नऊ आणि दुसऱ्याचे सहा दिसले की निदान एवढे कळते की ही चार निरनिराळी माणसे आहेत. ‘युरोगेमर’ या गेमच्या संकेतस्थळाने २०१५ साली गुण देणेच बंद केले होते, तेव्हा मला फार बरे वाटले होते. पुढे २०२३ मध्ये तेही तारे घेऊन परत आले.

हे सगळे लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून आणखी एक कबूल करते. ‘राजी’बद्दल समीक्षकांनी जे लिहिले होते ते मी नंतर वाचले, आणि त्यातले पुष्कळसे बरोबर होते. लढाई अडखळते, उडी कधी कधी चुकते, गेम लहान आहे आणि शेवट अचानक होतो. त्या रात्री एकाच ठिकाणी मी इतक्या वेळा खाली पडले की तिकडे भाऊ हसून हसून खोकायला लागला होता. त्यांच्या शब्दांबद्दल माझी तक्रारच नाही. शब्द वाचले असते, तर त्या मुलाला दुर्गा-विष्णूंचे बोलणे, भिंतींवरची चित्रे, बहिणीचे ते वेड्यासारखे धावणे, हेही वाचायला मिळाले असते, आणि मग नको म्हणाला असता तरी मी गप्प बसले असते. पण शब्दांच्या डोक्यावर आकडा बसवला की खालचे शब्द कुणी वाचत नाही, आणि हे समीक्षकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तो गेम आम्ही चार रात्रींत संपवला. आई पलीकडच्या खोलीत झोपायची, पण रोज सकाळी चहा गाळताना विचारायची, “सापडला काय गं त्या पोरीचा भाऊ?” तिला गेममधले काही कळत नाही. तिचा स्वतःचा मुलगा त्या दिवसांत हायवेवरून परत गेलेला होता, एवढे मात्र कळत होते.

आज घरी आल्यावर मी तिला विचारले, तो खेळ आठवतो का. ती म्हणाली, “न आठवायला काय झालं? सापडला म्हणालीस की तू.” मी तसे म्हणाले होते खरे. शेवट असा अचानक तुटतो, हे त्या सकाळी तिला सांगायचे माझ्या जिवावर आले होते.