बंद खाणीवर पर्यावरणपूरक बिझनेस पार्क उभारताय? आधी जमिनीखाली बघा

बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर पर्यावरणपूरक बिझनेस पार्क उभारायचा, ही कल्पना मला मनापासून पटते. शेकडो एकर जागा, रस्ता आणि रेल्वे आधीच पोचलेली, मोठी वीजजोडणी तयार. ती पडीक ठेवायची आणि पार्कसाठी शेजारची शेतं किंवा जंगल घ्यायचं, याला काहीच अर्थ नाही. पण या प्रकल्पांची जी चित्रं आपल्याला दाखवतात, त्यांत सगळं जमिनीच्या वर असतं. काचेच्या इमारती, छतावर सोलर, मधोमध तळं, सायकलवरून जाणारी माणसं. माझं काम जमिनीच्या चाचण्यांचं. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो खालचा, आणि बहुतेक सादरीकरणांत त्याचं उत्तर नसतं.

खाणीच्या आवारातली जमीन म्हणजे बहुतांशी भराव. बोअर घेऊन नमुने पेटीत ओळीने मांडले की त्या जागेचा सगळा इतिहास समोर येतो. वर वीतभर माती, खाली काळा शेल, म्हणजे कोळशासोबत निघणारा पापुद्र्यांचा खडक, मग विटांचे तुकडे, राख, गंजलेलं लोखंड, कुजत आलेलं लाकूड. तिथे कधीकाळी कोक भट्टी असेल तर पेटीचं झाकण उघडताच डांबराचा उग्र वास नाकात जातो. त्या थरात बेंझीन असतं, सायनाइडही असू शकतं. शेलमध्ये बऱ्याचदा पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि नाल्याचं पाणी नारिंगी होतं. खुली खाण असेल तर ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचा, भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, आणि खाणीतल्या पाण्याचा उपसा थांबल्यावर भूजल वर येऊन तो भिजला की नव्याने खचतो. भूमिगत खाण असेल तर पोकळ्या, जुने शाफ्ट (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी) आणि मिथेन वायू. हवेत मिथेन 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की एक ठिणगी पुरते.

आता अशा जागेवर नेहमीचे ‘हिरवे’ उपाय लावून बघा. पावसाचं पाणी जमिनीत मुरवा, हे आपण उठताबसता सांगतो. दूषित भरावावर तेच केलं तर मुरणारं पाणी विष सोबत घेऊन भूजलात उतरतं. तिथे पाणी मुरू न देता, अस्तर घातलेल्या उघड्या चरांमधून तळ्यापर्यंत नेणं हेच पर्यावरणाचं काम ठरतं. झाडं लावा, हेही तसंच. विषारी थरावर चिकणमातीचं आच्छादन घातलेलं असेल तर खोल मुळांची झाडं ते फोडू शकतात.

आणि जिथे विष नाही, नुसताच काळ्या दगडाचा ढिगारा आहे, तिथे तर जेसीबी लावायच्या आधी काय उगवलंय ते नीट बघून यावं. काळा शेल उन्हात सपाटून तापतो, पाणी धरत नाही, त्यात अन्नद्रव्यं जवळपास नसतातच. म्हणूनच तिथे अशा वनस्पती आणि कीटक येतात ज्यांना सुपीक जमिनीत गवताशी स्पर्धा करता येत नाही. युरोपात या ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी साचणाऱ्या उथळ डबक्यांत नॅटरजॅक टोड नावाचा बेडूक अंडी घालतो. ती डबकी उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे पिल्लं खाणारे मासे तिथे टिकत नाहीत. याच्यावर ट्रकने सुपीक माती ओतून लॉन लावली की ही सगळी वस्ती संपली. मग कागदावर ‘हरित क्षेत्र’ वाढलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात जे दुर्मीळ होतं ते गेलेलं असतं. मला याचा फार राग येतो, कारण हे बहुतेक वेळा चांगल्या हेतूने केलं जातं.

ढिगारा राखायचा म्हणजे त्याची जबाबदारीही घ्यायची, हे ओघाने आलंच. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला 1966 साली झऱ्यावर रचलेला असाच एक ढिगारा पाण्याने सुटला आणि शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. ढिगाऱ्याच्या पोटात पाणी किती आहे हे कायम मोजत राहणं, हा पार्कच्या देखभालीचा भाग असला पाहिजे, आणि त्यासाठी माणूस नेमलेला असला पाहिजे.

या बाबतीत जर्मनीच्या रूर खोऱ्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथली शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली. पण पंप बंद झाले नाहीत, होऊही शकत नाहीत. शंभर-दीडशे वर्षांच्या खाणकामाने तिथली जमीन काही ठिकाणी 20 मीटरपेक्षाही जास्त खचली आहे. उपसा थांबवला तर मोठा भाग पाण्याखाली जाईल. या खर्चाला तिथे ‘चिरंतन कामं’ असंच म्हणतात, आणि त्यासाठी 2007 मध्ये, म्हणजे शेवटची खाण बंद व्हायच्या 11 वर्षं आधी, आरएजी फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. तिच्याकडच्या शेअर्सच्या आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नातून 2019 पासून हा खर्च भागवला जातो. खाण चालू असतानाच तिच्या मरणोत्तर खर्चाची सोय केली, हे मला त्या सगळ्या काचेच्या इमारतींपेक्षा मोठं वाटतं.

तिथली एम्शर नदीही याच गोष्टीची साक्ष आहे. खाणींमुळे जमीन खचत राहायची, जमिनीखाली टाकलेले सांडपाण्याचे नळ तुटले असते, म्हणून जवळजवळ शतकभर अख्ख्या प्रदेशाचं सांडपाणी या नदीतून उघड्यावर वाहायचं. खाणकाम सरलं, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे भूमिगत वाहिनी घालणं शक्य झालं. ते काम 1992 ला सुरू झालं आणि नदी पूर्णपणे सांडपाणीमुक्त व्हायला 2021 अखेर उजाडली. खर्च 5 अब्ज युरोंच्या वर. पाच वर्षांत पार्क उभा करून दाखवतो म्हणणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा समोर ठेवावं.

पण खाली जे आहे ते फक्त संकट नसतं. माझा उत्साह खरा इथे आहे. हेर्न शहरात माँ-सेनी नावाची खाण होती, 1978 ला बंद झाली. तिच्या जागी 1999 मध्ये एक प्रशिक्षण अकादमी उभी राहिली. लाकडाचे जाडजूड खांब, त्यावर काचेचं प्रचंड आवरण, आणि आत वेगवेगळ्या इमारती. छतावर एक मेगावॉट क्षमतेचं सोलर, त्या काळात हे फार मोठं होतं. पण मला आवडतं ते वेगळंच: जुन्या खाणीतून झिरपणारा मिथेन तिथे गोळा करून त्यावर वीज आणि उष्णता तयार केली गेली. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरतो, म्हणजे तो जाळून वापरणं हाच फायद्याचा सौदा. नेदरलँड्समधल्या हेरलेन गावाने तर पाण्याने भरलेल्या खाणीच कामाला लावल्या. सुमारे 700 मीटर खोलीवरचं पाणी 28 अंशांचं, 250 मीटरवरचं 16 अंशांचं. हिवाळ्यात एकातून ऊब घ्यायची, उन्हाळ्यात दुसऱ्यातून गारवा, हीट पंप लावून. 2008 पासून तिथल्या इमारती यावर चालू लागल्या. ज्या पाण्याची भीती वाटत होती तेच इंधनाची जागा घेतं. छतावर सोलर कुठल्याही गोदामावर लावता येतं. हे मात्र फक्त खाणीच्या जागेवरच जमतं, आणि अशा पार्कला पर्यावरणपूरक म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

रूरमध्ये जुन्या शाफ्टच्या जागी काँक्रीटचं झाकण असतं आणि त्यातून छत्रीसारखी टोपी घातलेला एक पाइप हिरवळीवर वर आलेला दिसतो. खालचा वायू त्यातून बाहेर पडतो आणि टोपीमुळे ज्वाला आत जात नाही. त्याच्यावर इमारत बांधायची नाही. काही आर्किटेक्ट तो पाइप झुडपाआड लपवतात. मला तो उघडा दिसावा असं वाटतं, शेजारी खाणीचं नाव आणि शाफ्टची खोली लिहिलेली पाटी असावी. तिथे कामाला येणाऱ्याला आपण कशावर उभे आहोत हे कळलं पाहिजे.

आता नोकऱ्या. इंग्लंडमधल्या शायरब्रुकची खाण 1993 ला बंद झाली आणि त्या जागेवर पुढे क्रीडासाहित्याचं एक अवाढव्य गोदाम आलं. हजारो नोकऱ्या आल्या, आकड्यांत सगळं छान. 2016 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तिथल्या कामाच्या पद्धतीवर कडक अहवाल दिला. बहुसंख्य कामगार एजन्सीमार्फत घेतलेले होते आणि पाळी संपल्यावर झडतीसाठी थांबावं लागायचं, त्या वेळेचे पैसे नव्हते, त्यामुळे हातात किमान वेतनापेक्षाही कमी पडायचं. खाणीत संघटना होती, हक्काचा पगार होता, कामाचा अभिमान होता. त्याच जागेवर हे. अशा पार्कच्या छतावर कितीही सोलर लावा.

याउलट जर्मनीतल्या हाम शहरात झाक्सेन खाणीच्या जुन्या यंत्रशाळेभोवती पर्यावरणपूरक बांधकामाचं केंद्र उभं राहिलं. 1989 ते 1999 या काळात रूर खोऱ्यात जो मोठा पुनर्विकास कार्यक्रम चालला, त्याचा हा भाग. इमारती ऊर्जा वाचवतील अशा कशा बांधायच्या, याचं सल्ला-प्रशिक्षण तिथे मिळतं. फ्रान्समधल्या लूस-आँ-गोएल गावानेही आपले खाणीचे दोन उत्तुंग जुळे ढिगारे सपाट न करता राखले. त्यांच्या पायथ्याशी, जुन्या खाणीच्याच आवारात, पर्यावरण क्षेत्रातले उद्योग आणि नाट्यसंस्था आल्या, आणि 2012 मध्ये तो सगळा खाणपट्टा जागतिक वारसा यादीत गेला. या गावाने काही दशकं लोकांना सोबत घेऊन हे रेटलं. हातातलं कसब नव्या कामात वळवता येतं, वेळ आणि पैसा द्यायची तयारी हवी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पहिला प्लॉट विकायच्या आधी उपसा, शाफ्ट आणि ढिगाऱ्यांच्या देखभालीचा निधी वेगळा काढून ठेवलेला असावा, विकसक दिवाळखोरीत गेला तरी हात लागणार नाही असा. शाफ्टचा आणि दूषित थरांचा नकाशा लोकांसमोर असावा. कायमस्वरूपी नोकऱ्या किती आणि खाण कामगारांच्या घरांतल्या किती, हे करारात असावं. तुमच्याकडे असा प्रस्ताव सुनावणीला आला तर सोलर किती मेगावॉटचं हे विचारायच्या आधी पन्नास वर्षांनी पंपाचं बिल कोण भरणार ते विचारा. ‘संबंधित खातं बघेल’ असं उत्तर आलं, तर ते तसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही मागा.