मसाई माराला निघालात? लशीचं बघू नंतर

जुलै ते ऑक्टोबर या काळात केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्टचे (गाईएवढ्या हरणांचे) कळप नदी ओलांडतात आणि त्याच सुमारास आपले कळप नैरोबीला उतरतात. तुमचंही तिकीट निघालं असेल, तर अभिनंदन. दुर्बीण, भडंग, मेतकूट महिनाभर आधी बांधून ठेवा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस मात्र निघायच्या 2 दिवस आधी घ्या, तीही केंद्रावर पासपोर्ट विसरून, म्हणजे दोन खेपा होतील.

लशीचा दाखला टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो. तुमची सहल 7 दिवसांची. दोन नि सात नऊ, हा हिशोब मुंबईच्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्यासमोर करायला जास्त मजा येते. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास तुमच्या गॅलरीतल्या कुंडीखालीच राहतो. म्हणून सरकार या बाबतीत अजिबात ऐकत नाही. दाखला लागू होईपर्यंत विलगीकरण, आणि लस घेतलीच नसेल तर 6 दिवसांपर्यंत. पॅकेजमध्ये नसलेला मुक्काम!

ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, हे कळलं की काहींना श्रावण आठवतो. अंड्याची ॲलर्जी ज्यांना खरोखरच आहे आणि ज्यांची साठी उलटली आहे, ते मात्र डॉक्टरांपुढे मौन पाळतात.

कपड्यांचं म्हणाल, तर सगळ्या ग्रुपला गडद निळे टी-शर्ट शिवा. तिथली निद्रारोग पसरवणारी त्से-त्से माशी निळ्या-काळ्या रंगाकडे धावते, इतकी की तिला पकडायचे सापळे त्याच रंगाच्या कापडाचे करतात. शिवाय ती कापडावरूनही चावते. फोटो मात्र झकास येतील.

आता मलेरियाच्या गोळ्या. नैरोबी सतराशे मीटर उंचीवर, तिथे डास फारसे दिसत नाहीत, तेव्हा पाकीट तिथेच बॅगेच्या तळाशी जाऊ द्या. मारात संध्याकाळी शेकोटीभोवती हाफ पँटमध्ये बसा. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाची वेळ तीच. कुणी टोकलं तर सांगा, “आम्ही डोंबिवलीचे, डासांची सवय आहे.” फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू, ऐकून घेईल. आणि गोळ्या घेतल्याच असतील, तर विमान भारतात टेकताच बंद करा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर आणखी 7 दिवस घ्यायची असते, डॉक्सिसायक्लिन तर 4 आठवडे. पण सुट्टी संपली, आता कसल्या गोळ्या?

मग दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप येईल. बाहेर पाऊस, गल्लीत निम्म्या घरांत ताप. फॅमिली डॉक्टर म्हणतील, व्हायरल दिसतोय. केनियाचा विषय मुळीच काढू नका. उगाच रक्त तपासायला लावतील. सिंहाचे फोटो बाहेर बसलेल्या कंपाउंडरला दाखवा, त्याला हौस आहे.