यज्ञातील मांसाविषयी खुलासा

प्राचीन इस्राएलात यज्ञपशूचे सर्व मांस वेदीवर भस्म होत असे, असा मजकूर सध्या फिरत आहे; तो केवळ होमबलीपुरता, म्हणजे पूर्ण पशू जाळण्याच्या यज्ञापुरता, खरा आहे. शांत्यर्पणात, म्हणजे देवाशी सख्य व कृतज्ञता व्यक्त करणाऱ्या यज्ञात, चरबी वेदीवर जाळून ऊर व उजवी मांडी याजकांना दिली जाई आणि उरलेले मांस यजमानाचे कुटुंब खात असे, असे बायबलमधील लेवीय ग्रंथाचा 7वा अध्याय सांगतो. इस्राएली पुरातत्त्वज्ञ अव्राहाम बिरान यांनी 1966 पासून उत्खनन केलेल्या उत्तर इस्राएलमधील तेल दान (प्राचीन दान नगर) येथील पवित्र आवारात, याजकांची समजल्या जाणाऱ्या पश्चिमेकडील दालनांत जनावरांच्या उजव्या अंगाची हाडे तुलनेने अधिक, तर अंगणात डाव्या अंगाची अधिक आढळली. याजकांचा वाटा वेगळा निघे, याची ही बोलकी खूण. आणि तीही (गंमत म्हणजे) बायबलने निषिद्ध ठरवलेल्या देवस्थानात. अर्थात, तेथे लेवीयाचा लिखित नियमच पाळला जात होता, असे एवढ्यावरून ठरत नाही.